विश्लेषण : एका डावात ११ षटकार, तेही १९२६ मध्ये! कर्नल सी. के. नायडूंचा विक्रम ३६ वर्षे कसा टिकला?

सोलापूर : मोबाइलवर सी. के. नायडू हे नाव टाकून शोधले, तर समोर येणारे आकडे अगदीच साधे वाटतात. ७ कसोटी सामने, ३५० धावा, सरासरी २५, सर्वोच्च ८१. शतक एकही नाही. आजच्या हिशेबाने असा फलंदाज दोन मालिकांनंतर संघाबाहेर जाईल. तरीही बीसीसीआयचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो आणि २३ वर्षांखालील मुलांची देशपातळीवरील स्पर्धाही त्यांच्याच नावाने खेळवली जाते. असे का, याचे उत्तर त्या सात सामन्यांत सापडत नाही. ते सापडते मुंबईतल्या एका डावात, जो अधिकृत कसोटी सामन्याचा नव्हताच.

जानेवारी २०२४ मध्ये हैदराबादच्या तन्मय अग्रवालने अरुणाचल प्रदेशविरुद्ध ३६६ धावा करताना २६ षटकार मारले आणि प्रथम श्रेणी क्रिकेटमधील एका डावातील षटकारांचा विश्वविक्रम स्वतःच्या नावावर केला. या विक्रमाची यादी उलट्या क्रमाने वाचत गेलो, तर न्यूझीलंडच्या कॉलिन मन्रोचे २०१५ मधील २३, अँड्र्यू सायमंड्सचे १९९५ मधील १६, जॉन रीडचे १९६३ मधील १५ असे आकडे लागतात. आणि रीडच्या आधी, ११ षटकारांवर, नागपूरचा एक माणूस उभा दिसतो.

कोण होते नायडू?

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. घराणे तेलुगू, मुक्काम मात्र नागपुरात. सोलापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे पूर्व भागात घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणारी हजारो कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तसेच हे कुटुंब. फरक एवढाच की हे घर मागावर नव्हे, वकिलीवर उभे होते. आजोबा नारायणस्वामी नायडू नागपुरातील नामांकित वकील होते. सीकेंचे शिक्षण हिस्लॉप संस्थेत झाले आणि शाळेच्या संघाचे कर्णधारपदही त्यांच्याकडे आले.

१९१६ मध्ये त्यांनी हिंदू संघाकडून युरोपियन संघाविरुद्ध प्रथम श्रेणी पदार्पण केले. तेव्हा मुंबईत हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन असे धर्म व वंशानुसार पाडलेले संघ चौरंगी स्पर्धा खेळत. आज हे वाचताना खटकते, आणि पुढे गांधीजींनीही या स्पर्धेला विरोध केला. पण त्या काळात देशातील सर्वात मोठी क्रिकेट स्पर्धा हीच होती. नायडू नवव्या क्रमांकावर आले तेव्हा संघाची अवस्था ७ बाद ७९ होती. पहिले तीन चेंडू त्यांनी शांतपणे खेळून काढले. चौथा थेट सीमेबाहेर. म्हणजे प्रथम श्रेणीतील त्यांची पहिली धाव ही धाव नव्हतीच, षटकार होता.

१९२३ मध्ये इंदूरच्या तुकोजीराव होळकर महाराजांनी त्यांना बोलावून घेतले आणि होळकरांच्या सैन्यात हुद्दा दिला. नावामागे लागलेले ‘कर्नल’ तिथूनच आले. खेळाडूला आपल्या पदरी ठेवायचे, त्याला पगार आणि हुद्दा द्यायचा आणि त्याने खेळायचे, ही त्या काळची संस्थानी पद्धत. आजच्या भाषेत सांगायचे तर फ्रँचायझीशी करार, फक्त लिलाव नव्हता.

षटकार म्हणजे नेमके काय? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही

विक्रमाकडे वळण्याआधी थोडे नियमांबद्दल. आपल्या गल्ली क्रिकेटमध्ये प्रत्येक बोळाचा नियम वेगळा असतो. कुठे चेंडू थेट गच्चीवर गेला की सहा, कुठे थेट गच्चीवर गेला की बाद. मोठ्या क्रिकेटचीही सुरुवातीला जवळपास हीच गत होती. इंग्लंडमध्ये १९१० पर्यंत चेंडू नुसता सीमारेषेवरून गेला तर चारच धावा मिळत. सहा हव्या असतील तर चेंडू मैदानाच्याच बाहेर जायला हवा. कसोटीतला पहिला षटकार ऑस्ट्रेलियाच्या जो डार्लिंगने १८९८ मध्ये ॲडलेडला मारला, तोही चेंडू मैदानाबाहेर घालवून. म्हणजे कसोटी क्रिकेट सुरू झाल्यावर पहिल्या षटकारासाठी २० वर्षांहून अधिक काळ लागला.

बेसबॉलमध्ये याच्या उलट गंमत आढळते. शिकागोच्या नेड विल्यमसनने १८८४ मध्ये एका मोसमात २७ होमरन मारले आणि हा विक्रम बेब रुथने १९१९ मध्ये मोडेपर्यंत ३५ वर्षे टिकला. पण विल्यमसनच्या घरच्या मैदानाचे बाजूचे कुंपण २०० फुटांच्याही आत होते. त्यावरून गेलेला चेंडू १८८३ पर्यंत दोन बेसचाच फटका धरला जाई, १८८४ मध्ये तोच होमरन धरला जाऊ लागला. त्याच्या २७ पैकी २५ होमरन त्या एकाच मैदानावर लागले.

थोडक्यात, मोठ्या फटक्यांचे विक्रम नुसत्या आकड्यावरून मोजता येत नाहीत. कुंपण कुठे होते आणि नियम काय होता, हे पाहावे लागते. नायडूंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. समोर कोण होते आणि मैदान कुणाचे होते?

१ डिसेंबर १९२६, बॉम्बे जिमखाना

त्या हिवाळ्यात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एमसीसीचा संघ भारत दौऱ्यावर आला होता. गिलिगन इंग्लंडचे माजी कर्णधार. संघात मॉरिस टेट यांच्यासारखा त्या काळचा अव्वल गोलंदाज होता आणि पुढे इंग्लंडचे कर्णधार झालेले बॉब वायट होते. मुंबईत त्यांची गाठ हिंदू संघाशी पडली. एमसीसीने आधी फलंदाजी करून ३६३ धावा उभारल्या. त्यात गाय अर्ल यांनी १३० धावा करताना आठ षटकार ठोकले. प्रेक्षकांना वाटले असणार की आता यापेक्षा मोठी फटकेबाजी या सामन्यात बघायला मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी नायडू फलंदाजीला आले. दोन तासांच्या आत १५३ धावा आणि त्यात ११ षटकार. हिशेब केला तर ६६ धावा फक्त षटकारांच्या, म्हणजे डावातील ४३ टक्के. बातमी शहरात पसरली तशी माणसे कामधंदा सोडून मैदानाकडे धावली, आसपासच्या झाडांवर आणि छपरांवरही गर्दी झाली, असे त्या दिवसाबद्दल सांगितले जाते. वायट यांच्या गोलंदाजीवर मारलेला एक षटकार थेट जिमखान्याच्या इमारतीच्या छपरावर जाऊन पडला.

इथे जरा थांबायला हवे. त्या काळी बॉम्बे जिमखान्याचे सभासदत्व फक्त युरोपियनांसाठी होते. भारतीय माणूस मैदानात खेळू शकत होता, पण त्या इमारतीत सभासद म्हणून पाऊल टाकू शकत नव्हता. चेंडू मात्र त्याच इमारतीच्या डोक्यावर बसला. बघायला आलेल्या हजारो भारतीयांना त्यातून काय वाटले असेल, हे समजायला क्रिकेट कळण्याचीही गरज नाही.

सामना अनिर्णित राहिला. एमसीसीने नायडूंना चांदीची बॅट भेट दिली.

या डावाने काय बदलले?

सोशल मीडियावर या डावामुळेच भारताला कसोटी दर्जा मिळाला, असे एका ओळीत लिहिलेले दिसते. ते अर्धेच खरे आहे. इम्पिरियल क्रिकेट कॉन्फरन्सने १९२६ मध्येच, म्हणजे या डावाच्या काही महिने आधी, भारत, वेस्ट इंडीज आणि न्यूझीलंडला आत घेण्याची तयारी दाखवली होती. अडचण वेगळीच होती. भारतात संपूर्ण देशाचे क्रिकेट चालवणारी संस्थाच नव्हती. संस्थानिकांचे संघ वेगळे, जिमखाने वेगळे, धर्मवार संघ वेगळे.

नायडूंच्या त्या डावाने आणि एकूणच भारतीय संघांनी त्या दौऱ्यात दिलेल्या टकरीने गिलिगन यांची खात्री पटली. त्यांनी इथल्या क्रिकेटच्या धुरिणांना देशपातळीवर एक मंडळ स्थापन करण्याचा आग्रह धरला आणि इंग्लंडमध्ये भारताची बाजू मांडण्याचे मान्य केले. डिसेंबर १९२८ मध्ये बीसीसीआय स्थापन झाले. ग्रँट गोव्हन हे पहिले अध्यक्ष, अँथनी डिमेलो पहिले सचिव. त्यानंतर साडेतीन वर्षांनी भारत पहिली कसोटी खेळला. दार आधीच किलकिले होते, त्या ११ षटकारांनी ते ढकलून उघडले, असे म्हणणे जास्त बरोबर ठरेल.

सोलापूरसाठी एक योगायोग. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या शहरात पॉली उम्रीगर यांचा जन्म झाला. भारताकडून कसोटीत पहिले द्विशतक झळकावण्याचा मान पुढे याच सोलापुरात जन्मलेल्या खेळाडूला मिळाला.

१९३२ : इंग्लंडमध्ये ३२ षटकार

भारताच्या पहिल्या अधिकृत कसोटी दौऱ्यासाठी कर्णधार निवडला गेला तो पोरबंदरच्या महाराजांना आणि उपकर्णधार लिंबडीच्या घनश्यामसिंहजींना. दोघेही राजघराण्यातले. खेळाच्या बळावर हे पद मिळणे त्या काळी शक्य नव्हते. महाराजांच्या बाजूने एक गोष्ट नक्की सांगावी लागेल. आपण या दर्जाचे खेळाडू नाही, हे त्यांनी ओळखले आणि लॉर्ड्सवरील कसोटीत स्वतः बाजूला राहिले. उपकर्णधार जखमी होते. त्यामुळे २५ जून १९३२ रोजी भारताचा पहिला कसोटी कर्णधार म्हणून नाणेफेकीला गेले ते सी. के. नायडू. वय ३६ वर्षे.

त्या सकाळी इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली होती. क्षेत्ररक्षण करताना हाताला मार लागूनही नायडूंनी पहिल्या डावात ४० धावा केल्या, संघातर्फे सर्वाधिक. भारत १५८ धावांनी हरला.

कसोटी एकच होती, दौरा मात्र लांबलचक. नायडूंनी प्रथम श्रेणी सामन्यांत १,६१८ धावा केल्या, ६५ बळी घेतले आणि तब्बल ३२ षटकार मारले. दौऱ्याच्या सुरुवातीलाच लॉर्ड्सवर एमसीसीविरुद्ध शतक झाले होते. विस्डेनने पुढच्या वर्षीच्या पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंत त्यांची निवड केली. हा मान मिळवणारे भारताचे ते पहिले कसोटीपटू. रणजी आणि दुलीप यांनाही हा मान मिळाला होता, पण ते इंग्लंडकडून खेळले.

या दौऱ्यातील एक षटकार फार प्रसिद्ध आहे. एजबॅस्टनला वॉर्विकशायरविरुद्ध मारलेला चेंडू मैदानालगतची रे नदी ओलांडून गेला आणि ही नदी म्हणजे दोन काउंट्यांची सीमा असल्याने एका काउंटीतून दुसऱ्या काउंटीत गेलेला तो एकमेव षटकार, असे आपण वाचत आलो आहोत. नदी खरी आणि जुन्या काळी ती वॉर्विकशायर आणि वूस्टरशायरची हद्द होती हेही खरे. पण बर्मिंगहॅम शहर वाढत गेले तसे नदीपलीकडचे भाग १९३२ च्या बरेच आधी त्यात सामील झाले आणि हद्द पुढे सरकली. तेव्हा नकाशावर काटेकोर बोट ठेवले तर चेंडू जुनी हद्द ओलांडून गेला, असे म्हणावे लागते. षटकाराची लांबी त्याने कमी होत नाही. १९२० च्या सुमारास मद्रासच्या चेपॉकवर त्यांनी मारलेला चेंडू मैदानाबाहेरच्या नारळाच्या झाडापर्यंत गेल्याची आठवणही अशीच पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तेव्हा लांबी मोजणारी यंत्रे नव्हती. लोक झाड, नदी आणि छप्पर यांवरून मोजत.

मग फक्त सात कसोटी का?

याचे एक उत्तर वय. पहिली कसोटी खेळायला मिळाली तोवर ते छत्तिशीत होते. बहरातली जवळपास सगळी वर्षे भारताला कसोटी दर्जा नसतानाच निघून गेली. दुसरे उत्तर सामन्यांची टंचाई. १९३२ नंतर भारत पुढचे कसोटी सामने खेळला ते थेट डिसेंबर १९३३ मध्ये. भारतातील ती पहिली कसोटी झाली बॉम्बे जिमखान्यावर, सात वर्षांपूर्वीच्या त्याच मैदानावर. कर्णधार नायडू. लाला अमरनाथ यांनी भारताचे पहिले कसोटी शतक ठोकले तेव्हा दुसऱ्या टोकाला नायडू ६७ धावा करत उभे होते. तीन कसोटींच्या त्या मालिकेत डग्लस जार्डिन यांच्या इंग्लंडने दोन जिंकल्या.

तिसरे उत्तर राजकारण. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी नायडूंना डावलून विजयनगरमचे महाराजकुमार, म्हणजे ‘विझी’, कर्णधार झाले. तीन कसोटींत त्यांच्या एकूण ३३ धावा झाल्या. दौऱ्यावर गटबाजी इतकी टोकाला गेली की अमरनाथ यांना पहिल्या कसोटीआधीच मायदेशी परत पाठवले. न्याहारीच्या टेबलावर नायडूंचा अपमान करणाऱ्या एका खेळाडूला बक्षीस म्हणून कसोटीत संधी मिळाली, असाही किस्सा प्रसिद्ध आहे. विझींना त्याच दौऱ्यात ‘सर’ ही पदवी मिळाली, हे मात्र किस्सा नव्हे, नोंद आहे.

नायडूंची शेवटची कसोटी त्याच दौऱ्यात ओव्हलवर झाली. दुसऱ्या डावात गबी ॲलन यांचा चेंडू त्यांच्या बरगडीखाली जोरात बसला. ते मैदान सोडून गेले नाहीत. ८१ धावा केल्या, कसोटीतील त्यांची सर्वोच्च खेळी. वय होते ४०.

पन्नाशीतले द्विशतक

बहुतेकांची कहाणी इथे संपते. नायडूंची सुरू राहिली. होळकर संघाला त्यांनी शिस्तीच्या जोरावर घडवले. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर अशी माणसे त्यांच्या हाताखाली खेळली. १९४५-४६ च्या मोसमात होळकरांनी म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या. एकाच डावात सहा जणांची शतके. त्यातले एक ५० वर्षांच्या कर्णधाराचे, १०१. याच मोसमात बडोद्याविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात त्यांनी २०० धावा केल्या आणि करंडक इंदूरला नेला. १९४६ ते १९५३ दरम्यान होळकरांनी चार वेळा रणजी करंडक जिंकला.

पन्नाशी उलटल्यावर दत्तू फडकर यांचा उसळता चेंडू तोंडावर बसून त्यांचे दात पडल्याचा प्रसंग जुन्या क्रिकेटरसिकांच्या तोंडी आहे. कोल्हापूरचे फडकर तेव्हा भारताकडून खेळणारे वेगवान गोलंदाज. हेल्मेट अर्थातच नव्हते. नायडूंनी पडलेले दात खेळपट्टीवरून बाजूला सारले आणि पुढचा चेंडू खेळायला उभे राहिले, असे सांगतात.

मैदानाबाहेरही त्यांची लोकप्रियता मोठी होती. १९४१ मध्ये बाथगेट कंपनीच्या लिव्हर टॉनिकच्या जाहिरातीत ते झळकले. एखाद्या उत्पादनाची जाहिरात करणारे पहिले भारतीय क्रिकेटपटू म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १९५६ मध्ये पद्मभूषण मिळाला, क्रिकेटपटूला मिळालेला पहिलाच. त्याच वर्षीच्या मोसमात ६१ व्या वर्षी ते उत्तर प्रदेशकडून रणजी करंडकात उतरले आणि अर्धशतकही केले. त्यांची कन्या चंद्रा नायडू पुढे देशातील पहिल्या महिला क्रिकेट समालोचक म्हणून ओळखल्या गेल्या.

प्रथम श्रेणीतील एकूण हिशेब असा : २०७ सामने, ११,८२५ धावा, २६ शतके आणि ४११ बळी. मोबाइलवर ‘७ कसोटी’ दिसल्यावर एकदा खाली सरकवून हा दुसरा रकानाही पाहावा.

आणि विक्रमाचे काय झाले?

डावातील ११ षटकारांची बरोबरी १९३४ मध्ये इंग्लंडच्या चार्ली बार्नेटने आणि १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रिची बेनॉने केली. पुढे मात्र कुणालाही जाता आले नाही. जानेवारी १९६३ मध्ये न्यूझीलंडच्या जॉन रीडने वेलिंग्टनकडून २९६ धावा करताना १५ षटकार मारले आणि ३६ वर्षांनी तो आकडा मागे पडला. इथे रीडचे श्रेय कमी करण्याचे कारण नाही, पण नायडूंना ११ षटकार मारायला १५३ धावा पुरल्या होत्या.

एवढा जुना विक्रम मोडला जातो तेव्हा तो करणारा सहसा निवृत्त होऊन कित्येक वर्षे झालेली असतात. नायडूंच्या बाबतीत तसे नव्हते. रीडने विक्रम मोडल्यानंतरच्या १९६३-६४ च्या मोसमात महाराष्ट्राचे राज्यपाल एकादश विरुद्ध मुख्यमंत्री एकादश असा प्रथम श्रेणी सामना खेळवला गेला. त्यात ६८ वर्षांचे कर्नल सी. के. नायडू पॅड बांधून खेळले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरमध्ये त्यांचे निधन झाले.